खाडीवरच्या जेट्टीच्या कामात पर्यावरण आणि गावाचे प्रश्न वेळापत्रकात नेमके कुठे बसवावेत?

प्रश्नकर्ता: खाडीमुख

नमस्कार. मी अकरा वर्षे कोकणात बांधकाम प्रकल्पांचे व्यवस्थापन करतो आहे. सध्या रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठी मासेमारांसाठी जेट्टी, मासळी उतरवण्याचा ओटा आणि तिथवर जाणारा साधारण सातशे मीटरचा जोडरस्ता अशा कामावर ठेकेदाराच्या बाजूने प्रकल्प व्यवस्थापक आहे. मुदत अठरा महिन्यांची असली तरी मधला एक पावसाळा वजा जाता प्रत्यक्ष काम करण्याजोगे महिने चौदाच उरतात. वर्षाला दहा हजार टन मासळी हाताळण्याइतकी क्षमता नसल्यामुळे २००६ च्या अधिसूचनेखालचे पूर्ण पर्यावरणीय आघात मूल्यांकन या कामाला लागू झाले नाही. सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राची, मंजुरी मात्र घ्यावी लागली आणि तिच्यासोबत अटींची यादी व बेचाळीस पानांचा पर्यावरण व्यवस्थापन आराखडा आला. हा आराखडा दुसऱ्या कुठल्या तरी कामावरून उतरवला असावा, कारण खाडीच्या कामात एका ठिकाणी धरणाच्या सांडव्याचा उल्लेख तसाच राहून गेला आहे.

अडचण आराखडा नसल्याची नाही. तो आहे, पण कपाटात आहे. साइटवर भिंतीला लावलेल्या बार चार्टमध्ये त्यातली एकही ओळ नाही, आणि जे बार चार्टमध्ये नाही ते आमच्या धंद्यात होत नाही. गेल्या मोसमात याचे दोन अनुभव आले.

पहिला फेब्रुवारीतला. अमावास्येच्या उधाणाची ओहोटी खूप खाली जाते, म्हणून खालच्या पातळीवरच्या पाइल कॅपचे, म्हणजे पायाच्या खांबांच्या माथ्यावरच्या काँक्रीटचे, काम आम्ही नेमके त्या चार दिवसांत ठरवले होते. पहाटे बार्ज (सपाट तळाचा तराफा) नेऊन उभे केले. उजाडायच्या आत पलीकडच्या वाडीतल्या पंचवीस-तीस बायका टोपल्या घेऊन उतरल्या, आणि आमचे बार्ज त्यांच्या तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) जागेवरच बसले आहे हे तेव्हा आम्हांला कळले. भांडण झाले नाही. त्या फक्त तिथेच उभ्या राहिल्या, आणि पाणी चढेपर्यंत हलल्या नाहीत. त्या मोसमातली ती ओहोटी आमची गेली आणि त्यांचीही गेली.

दुसरा अनुभव सांगताना मला जास्त ओशाळे वाटते. जोडरस्त्यावर चिरा (जांभा दगड) आणि खडीचे डंपर चालतात, त्याची धूळ आंब्याच्या मोहोरावर बसते अशी बागायतदारांची तक्रार होती. आराखड्यात दिवसातून तीन वेळा पाणी मारण्याची अट होती, म्हणून आम्ही टँकर लावला. पुढे एप्रिलअखेर असे लक्षात आले की टँकरवाला ते पाणी वरच्या वाडीच्या विहिरीतून भरतो आहे, आणि त्या वाडीत बायका आधीच रात्री दोन वाजता उठून विहिरीवर नंबर लावत होत्या. कागदावर आमची पर्यावरणाची अट शंभर टक्के पाळली जात होती.

माझा प्रश्न असा आहे. मी प्रशिक्षणात शाश्वत प्रकल्प व्यवस्थापनाचे पी-फाइव्ह मानक शिकलो. माणसे, पृथ्वी, समृद्धी, प्रक्रिया आणि उत्पादन हे त्याचे पाच भाग मला ठाऊक आहेत. परंतु सोमवारी सकाळी फोरमनला कामे वाटून देताना ते पाच शब्द उपयोगी पडत नाहीत. पर्यावरणीय आणि सामाजिक शाश्वतता ही प्रकल्प व्यवस्थापनाच्या रोजच्या साधनांत, म्हणजे कामांच्या विभागणीत, वेळापत्रकात, जोखीम नोंदवहीत आणि बिलात, नेमकी कुठे आणि कशी बसवावी? ज्यांनी किनाऱ्यावर प्रत्यक्ष कामे केली आहेत त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १: निवृत्त कार्यकारी अभियंता

आपण स्वतःची चूक मोकळेपणाने मांडली आहे, त्यामुळे मीही आडपडदा न ठेवता लिहितो. सरकारी नोकरीत माझी तीस वर्षे गेली, त्यांतली बहुतेक खाड्यांवरच्या मोऱ्या, धक्के आणि बंधारे यांच्या कामांवर.

पहिली गोष्ट आपल्या प्रश्नात आलेलीच नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी आहे. आपण जेट्टीबद्दल लिहिलेत, जोडरस्त्याबद्दल फक्त धूळ लिहिलीत. सातशे मीटरचा रस्ता खाडीकाठाने जातो म्हणजे तो कुठे ना कुठे कांदळवनाला किंवा खाजणाला लागून जात असणार. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत एक हजार चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा पट्टा राखण्यास सांगितले आहे, आणि सप्टेंबर २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सार्वजनिक कामासाठीसुद्धा कांदळवन तोडायचे तर न्यायालयाची परवानगी लागते. हे सर्वांना पाठ असते, म्हणून सर्वांचे लक्ष झाड तुटते की नाही यावर असते. परंतु झाड न तोडताही कांदळवन मारता येते. रस्त्याचा भराव टाकला, त्याला मोऱ्या कमी ठेवल्या किंवा मोरीचा तळ अर्धा मीटर उंच बसवला, की पलीकडच्या बाजूला भरतीचे पाणी पुरेसे पोचत नाही आणि पोचलेले परत निघत नाही. तिवर (कांदळवनातले झाड) मग उभ्या जागी वाळते. दोन-तीन वर्षांत ती जागा मोकळी दिसू लागते, आणि तोपर्यंत आपले अंतिम देयक निघालेले असते. आपल्या प्रकल्पातला सर्वांत मोठा पर्यावरणीय निर्णय म्हणजे मोऱ्यांची संख्या आणि त्यांच्या तळाची पातळी. आणि तो निर्णय बेचाळीस पानांत नसून नकाशाच्या एका छेदात आहे. भराव टाकण्याआधी पौर्णिमेच्या भरतीला आणि अष्टमीच्या भांगाच्या, म्हणजे सर्वांत कमी चढणाऱ्या, भरतीला त्या जागी खुंट्या ठोकून पाणी कुठवर येते ते स्वतः पाहा. खारबंदिस्तीची उघाडी (खाऱ्या पाण्याच्या बांधातली झडप) बसवणारे गावातले जुने लोक ही पातळी नुसत्या चिखलाच्या रंगावरून सांगतात. त्यांना बरोबर घ्या.

दुसरी गोष्ट सिमेंटची, आणि ती थेट वेळापत्रकाची आहे. खाऱ्या पाण्यात स्लॅग सिमेंट वापरावे असे आपल्या आराखड्यात बहुधा असेल. क्लोराइडला ते चांगले तोंड देते, आणि त्यात क्लिंकरचा (भट्टीत भाजून केलेल्या मूळ घटकाचा) वाटा कमी असल्याने कार्बनचा भारही हलका होतो. एकाच निर्णयात टिकाऊपणा आणि पर्यावरण दोन्ही साधण्याची अशी संधी क्वचित मिळते. परंतु या सिमेंटची ताकद सुरुवातीला हळू चढते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान सात दिवस पाणी मारावे लागते, मिश्र सिमेंटला दहा. साचे उशिरा सुटतात, म्हणून साच्यांचे संच जास्त लागतात किंवा प्रत्येक टप्प्याला तीन-चार दिवस वाढतात. आता विचार करा, हा निर्णय खरेदी विभागाने घेतला आणि बार चार्ट मात्र जुन्याच दिवसांवर आखलेला राहिला, तर काय होईल? मार्च महिन्यात पावसाची भीती वाटू लागली की साइट अभियंता गुपचूप साधे सिमेंट मागवतो. मी हे होताना पाहिले आहे, आणि त्या अभियंत्याला दोष देऊ शकलो नाही. पर्यावरणाचा प्रत्येक निर्णय किती दिवस खातो हे काढून ते दिवस क्रांतिक मार्गावर, म्हणजे ज्या कामांच्या साखळीवर पूर्ण मुदत ठरते तिच्यात, आधीच धरले नाहीत, तर तो निर्णय पहिल्याच घाईत बळी जातो.

आणि हो, पाणी मारायचे म्हणजे गोडे पाणी. दहा दिवसांचे क्युरिंग आणि तीन वेळचे रस्त्यावरचे शिंपण यांचा एकत्र हिशोब काढला असता, तर आपल्या टँकरची भानगड डिसेंबरमध्येच कागदावर दिसली असती. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो म्हणून पाण्याची चिंता नाही असे बाहेरचे सल्लागार गृहीत धरतात. जांभ्या दगडात ते पाणी ठरत नाही, आणि मे महिन्यात विहिरींचा तळ दिसतो, हे त्यांना सांगावे लागते. माझी सूचना अशी की सिमेंट आणि सळई यांचा जसा महिनावार मागणी तक्ता आपण करता, तसाच पाण्याचा करावा, आणि त्यात प्रत्येक महिन्यापुढे पाणी कुठून येणार तो उद्भव लिहावा. उद्भवाचा रकाना रिकामा राहिला तर त्या महिन्यातले काम धरूच नये.

तिसरे थोडक्यात. पैसे वाचवले असे वाटते ते बहुधा पुढे ढकललेले असतात. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली, तेव्हा आम्हां अभियंत्यांना तिचा अभिमान होता आणि आजही आहे. परंतु जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये करंजाडीजवळ, दोन्ही वेळा कटिंगमधून रुळावर आलेल्या दगडमातीमुळे गाड्या घसरल्या आणि माणसे गेली. त्यानंतर कटिंगचे उतार कमी केले गेले, जाळ्या बसवल्या गेल्या, आणि आजही पावसाळ्यात गाड्या वेगळ्या, संथ वेळापत्रकाने धावतात. डोंगराने आपला खर्च शेवटी वसूल केलाच. आपल्या जोखीम नोंदवहीत 'संभाव्यता' आणि 'परिणाम' हे दोन रकाने असतील. त्यांच्या शेजारी 'हा परिणाम कोणावर आणि काम संपल्यानंतर किती वर्षे' असा तिसरा रकाना वाढवून पाहा. तो भरताना आपल्याला बरेच काही सुचेल.

प्रतिसाद २: ओहोटीची वाट

खाडीमुख यांस, त्या पहाटेच्या बायकांच्या बाजूने लिहिते. मी खाडीपट्ट्यातल्या मासळी विकणाऱ्या आणि कालवे-तिसऱ्या काढणाऱ्या बायकांच्या बचत गटांबरोबर बरीच वर्षे काम करते आहे. आपण वर्णन केलेल्या वाडीत मी कधी आलेले नसेन, पण ते दृश्य मला पूर्ण ओळखीचे आहे.

मुळात आपण आणि त्या एकाच गोष्टीसाठी आला होतात. महिन्यातून दोनदा, अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या आसपास, समुद्र सर्वांत खाली जातो आणि एरवी पाण्याखाली असणारी जागा दोन-तीन तासांसाठी उघडी पडते. आपल्या अभियंत्याला ती पाइल कॅपसाठी हवी असते, बायकांना तिसऱ्यांसाठी. तिथीला पाऊणपट केले की पूर्ण भरतीची वेळ निघते आणि तिथून सहा तासांनी ओहोटी, हा हिशोब त्या बायका बोटांवर करतात. पौर्णिमेची पंधरावी तिथी धरा: सव्वाअकराला भरती, म्हणजे पहाटे पाचच्या सुमारास आणि संध्याकाळी पुन्हा पाचच्या सुमारास ओहोटी. आपण पाण्याच्या पातळीचा छापील तक्ता वापरत असाल. दोन्ही हिशोब एकाच भिंतीवर एकाखाली एक लावले असते, तर तंटा कुठल्या तारखांना होणार हे वर्षभर आधी दिसले असते.

मग तो सुटला कसा असता? सगळ्याच ओहोट्या त्यांना लागत नाहीत. पहाटेची आणि संध्याकाळची अशा दोन असतात. घरात स्वयंपाक आणि बाजार असल्याने अनेक ठिकाणी बायका पहाटेची पसंत करतात. काही गावांत उलट असते. शिवाय खाडीच्या दोन काठांवर दोन जागा असतात आणि त्या आलटून पालटून काढतात. एवढी माहिती विचारल्याशिवाय मिळत नाही, आणि विचारायचे कोणाला हा खरा मुद्दा आहे. प्रकल्पाची बैठक ग्रामपंचायतीत सकाळी अकरा वाजता होते. त्या वेळी मासळी विकणारी बाई बाजारात असते. बैठकीला सोसायटीचे चेअरमन, दोन नौकामालक आणि सरपंच येतात, चहा होतो, आणि इतिवृत्तात 'ग्रामस्थांची संमती' असे लिहिले जाते. ते खोटे नसते, अपुरे असते.

बाधितांच्या याद्या नौकेच्या नोंदणीवरून होतात. तिसऱ्या काढणारीच्या नावावर नौका नसते, परवाना नसतो, सातबारा तर नसतोच. टोपली आणि दोन पाय एवढेच तिचे साधन. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' याच्या व्याख्येत पाण्यावर उपजीविका असणारे, त्यात मासेमार आणि नावाडीसुद्धा, स्पष्टपणे धरले आहेत. आपल्या जेट्टीला जमीन संपादन झालेले नसल्याने तो कायदा आपल्यावर बंधनकारक नसेलही. पण व्याख्या उसनी घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. यादी करताना 'नौका कोणाची' असे विचारू नका, 'या पाण्यातून कोणाच्या घरात पैसा येतो' असे विचारा. यादी दुपटीने लांबेल, पण काम बंद पडण्याचे दिवस कमी होतील.

तक्रार पेटीबद्दल एक वाक्य लिहिते, कारण तुमच्याही साइट ऑफिसबाहेर ती असणार. पुरुषांनी भरलेल्या ऑफिसच्या दारातल्या कुलूपबंद पेटीत चिठ्ठी टाकायला आमची एकही बाई जाणार नाही. त्याऐवजी दर आठवड्याला ठरलेल्या वारी तुमचा एक माणूस, शक्यतो बाई, मासळी बाजारात जाऊन बसू द्या. सांगितलेली तक्रार वहीत तिच्यासमोर लिहायची आणि पुढच्या आठवड्यात तिथेच उत्तर द्यायचे, 'होणार नाही' असे असले तरी द्यायचे.

मजुरांविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून जोडते. परजिल्ह्यांतून आणि परराज्यांतून आलेल्या मजुरांच्या झोपड्या अशा कामांवर बहुधा खाडीच्या कडेलाच असतात. त्यांना शौचालय नसले तर ते कुठे जातात याचा विचार करा, आणि मग तिसऱ्या कुठून निघतात याचाही. पर्यावरण आणि समाज हे दोन वेगळे मथळे फक्त तुमच्या अहवालात असतात.

प्रतिसाद ३: खाडीमुख

दोघांचेही मनापासून आभार. मोऱ्यांच्या तळाची पातळी काल जाऊन तपासली. चारपैकी दोन ठिकाणी नकाशातला तळ चिखलाच्या पातळीपेक्षा चाळीस सेंटिमीटरने वर आहे. भराव अजून त्या टप्प्यापर्यंत गेलेला नाही, हे सुदैव. सल्लागाराला लेखी कळवले आहे.

आता व्यवहाराची अडचण. करार होऊन दहा महिने झाले. परिमाण-सूचीत (करारातल्या कामाच्या बाबींच्या यादीत) या सर्वांसाठी एकच बाब आहे: 'पर्यावरण व सामाजिक उपाययोजना, एकरकमी'. तिच्यातली अर्धी रक्कम आमच्या कंपनीने दुसऱ्याच चालू बिलात उचलली, आणि त्याच्या पुराव्यादाखल वृक्षारोपणाचे सहा फोटो जोडले. आता कुठलाही नवा खर्च सुचवला की मालक म्हणतात, त्याचे पैसे आलेले आहेत आणि संपलेले आहेत. ही गाठ कशी सोडवावी?

प्रतिसाद ४: मोजमाप वही

मी बिलिंगवाला माणूस आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांपुढे माझे म्हणणे रुक्ष वाटेल, पण तुमची गाठ माझ्याच खात्यातली आहे.

एकरकमी बाब हाच रोग आहे. ज्या कामाचे एकक नाही त्याचे मोजमाप नाही, आणि ज्याचे मोजमाप नाही ते वहीत चढत नाही. खोदाई घनमीटरमध्ये, सळई टनात, आणि पर्यावरण 'एलएस'मध्ये, म्हणजे एकरकमी, लिहिलेले असेल, तर वाचणाऱ्याला आपोआप समजते की कुठल्या बाबीची थट्टा चालते. पुढच्या निविदेत हे टाळता येईल: पाण्यात गाळ पसरू नये म्हणून लावायचा पडदा धावत्या मीटरमागे आणि लावलेल्या महिन्यांमागे, पाणी टँकरच्या फेरीमागे आणि सोबत उद्भवाच्या दाखल्यासह, शौचालय प्रत्येक महिन्यामागे आणि तेही स्वच्छ असल्याच्या तपासणीवर. झाडे तर कधीच 'लावलेल्या'च्या संख्येवर मोजू नयेत. कांदळवनाची रोपे चुकीच्या पातळीवर लावली की पहिल्या मोसमात वाहून जातात, आणि ठेकेदार तितक्याच आनंदाने पुन्हा लावून पुन्हा बिल करतो. तीन वर्षांनी जगलेल्या रोपांवर पैसे द्या, मग बघा रोप लावण्याआधी तो भरतीची रेषा स्वतः विचारत येतो की नाही.

चालू करारात एकूण रक्कम न बदलता तुम्ही एवढे करू शकता. उरलेल्या अर्ध्या रकमेचा बिलिंग ब्रेकअप दोन्ही पक्षांच्या सहीने करून घ्या आणि तो मोजता येण्याजोग्या बाबींत पाडा. काम देणाऱ्या विभागाला यात काही गमवायचे नसते, त्यामुळे उपअभियंता बहुधा हरकत घेत नाही; उलट सहामाही अनुपालन अहवालात लिहायला त्याला आयता मजकूर मिळतो. मोऱ्यांचा तळ बदलला तर ती संकल्पनातली दुरुस्ती आहे, तिचा खर्च अतिरिक्त बाब म्हणून मागा. तो 'पर्यावरणा'च्या खात्यात टाकू देऊ नका. मालकांना सांगताना 'निसर्ग' हा शब्द वापरू नका. फेब्रुवारीत उभ्या राहिलेल्या बार्जचे भाडे, काँक्रीट पंपाचे भाडे आणि बसून असलेल्या गँगची हजेरी एका कागदावर मांडा, आणि शेजारी मासळी बाजारात बसणाऱ्या बाईचा वर्षाचा पगार मांडा. मी अशी बेरीज दोन ठिकाणी केली आहे. दोन्ही वेळा मालक कागद पाहून बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग नेमणूक करा म्हणाले.

पाणी गढूळ झाले की नाही हे मोजायला प्रयोगशाळेची वाट पाहू नका. पांढरी-काळी रंगवलेली चकती दोरीला बांधून पाण्यात सोडायची, ती दिसेनाशी होते ती खोली दोरीवर मोजायची. पाइलिंगच्या वरच्या आणि खालच्या अंगाला, भरतीच्या एकाच अवस्थेत, दिवसातून दोनदा. फोरमनला हे पाच मिनिटांत शिकवता येते. दोन्ही आकड्यांत मोठा फरक पडला तर त्या दिवशी पडदा फाटलेला असतो, हे माझ्या अनुभवाने सांगतो.

प्रतिसाद ५: सड्यावरचा

चर्चा उत्तम चालली आहे, तरी मला एक विरोधी सूर लावू द्या. सर्वांनी असे गृहीत धरले आहे की जागा ठरली आहे आणि आता तिथे चांगले काम कसे करायचे एवढाच प्रश्न आहे. जेट्टीपुरते ते चालेल, कारण जेट्टी गावाने मागितलेली आहे. पण कोकणातले मोठे वाद वेळापत्रकाने सुटण्यासारखे नव्हतेच. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०१७ मध्ये अधिसूचना निघाली आणि २०१९ मध्ये भूसंपादन रद्द झाले. त्या दोन वर्षांत कुठल्याही प्रकल्प व्यवस्थापकाने कितीही चांगली जोखीम नोंदवही ठेवली असती, तरी प्रश्न 'इथे का' हाच राहिला असता. तो प्रश्न ज्या टप्प्यावर विचारायचा असतो, त्या टप्प्यावर प्रकल्प व्यवस्थापकाची नेमणूकच झालेली नसते.

दुसरे, आपण मोजतो कधी यावर काय दिसेल ते ठरते. आघात मूल्यांकनासाठी पायाभूत माहिती बहुधा पावसाळा सोडून एका हंगामाची घेतली जाते. कोकणच्या सड्यावर (कातळी पठारावर) मे महिन्यात गेलात तर काळा कातळ आणि वाळलेले गवत दिसेल, आणि सातबाऱ्यावर तर पोटखराबाच लिहिलेला असतो. त्याच सड्यावर ऑगस्टमध्ये या, पाय कुठे ठेवावा असा प्रश्न पडेल इतकी फुले असतात, डबक्यांत बेडूक असतात, आणि खालच्या वाडीच्या विहिरी ज्या पाण्यावर उन्हाळ्यापर्यंत तग धरतात ते पाणी तिथूनच मुरत असते. बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पे कित्येक शतके तिथेच होती. २०२२ मध्ये कोकणातल्या इतर कातळशिल्पांबरोबर ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, पण 'पडीक' हा शेरा काही सातबाऱ्यावरून पुसला गेला नाही. मोजमाप वही यांची एकके मला मान्य आहेत. माझी भीती एवढीच की ज्याला एकक सापडले तेवढेच पर्यावरण असे ठरेल. मासळी बाजारातली बाई नेमाल, वही भरेल, प्रत्येक तक्रारीपुढे 'निकाली' लिहिले जाईल, आणि वहीच्या पहिल्या पानावर जो प्रश्न कधी लिहिलाच गेला नाही तो तसाच राहील.

खाडीमुख यांना यातून घेण्यासारखे काही असेल तर एवढे: तुमच्या चिऱ्याची खाण कुठे आहे ते एकदा पाहून या. जेट्टीचा आराखडा जेट्टीच्या कुंपणाशी संपतो, पण तिचा चिरा कुठल्या तरी सड्यावरून येतो. ती खाण परवान्याची आहे का, पावसाळ्यात तिचे पाणी कोणाच्या शेतात उतरते आणि काम संपल्यावर तो खड्डा कोण बुजवणार, हे खरेदी आदेशात विचारण्याचा अधिकार तुम्हांला आहे. बहुतेक जण तो वापरत नाहीत.

प्रतिसाद ६: निवृत्त कार्यकारी अभियंता

सड्यावरचा यांचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. जागा निवडताना आमच्यासारख्यांना विचारले जात नाही, हे खरे. परंतु नोकरीत दोन वेळा मी केवळ पायाच्या तपासणीचा अहवाल प्रामाणिकपणे लिहिला आणि एका प्रस्तावित बंधाऱ्याची जागा त्यामुळे बदलली गेली. 'इथे का' हा प्रश्न मोठ्याने विचारता आला नाही, तरी 'इथे किती खर्चाला पडेल' हे खरे लिहिण्याचा मार्ग अभियंत्यापुढे नेहमी असतो. कोणत्या महिन्यातली पाहणी पुरेशी नाही हेही त्याच अहवालात लिहिता येते.

प्रतिसाद ७: खाडीमुख

उशिरा लिहितो आहे, कारण मधल्या तीन आठवड्यांत ज्या गोष्टी लगेच करता येतील त्या करून मग लिहावे असे ठरवले होते.

साइटवरच्या बार चार्टमध्ये वरच्या बाजूला तिथींची एक ओळ वाढवली. उधाणाचे दिवस निळ्या रंगात, भांगाचे दिवस कोरे. त्याखाली मोहोराचे महिने, १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी, शिमगा आणि गणपती. आमचा फोरमन पाहून म्हणाला, "साहेब, ऑफिसात पंचांग कुणी लावलं?" पण दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतःहून सांगितले की खालच्या पातळीची सहा कामे शिल्लक आहेत आणि त्यांतली चार संध्याकाळच्या ओहोटीत बसतात. वाडीत जाऊन विचारले, तेव्हा तिथे बायका पहाटेचीच ओहोटी घेतात असे कळले. उरलेल्या दोन कामांसाठी बार्ज दक्षिणेकडून आणायचे ठरले, म्हणजे ते तिसऱ्यांच्या जागेवर टेकणार नाही. अर्धा तास जास्त लागतो, तो वेळापत्रकात धरला आहे.

मोऱ्यांचा तळ खाली घेण्यास सल्लागाराची मान्यता आली. बिलिंग ब्रेकअपवर विभागाची सही अजून व्हायची आहे. पाण्याचा महिनावार तक्ता केला, आणि एप्रिल व मेपुढे उद्भवाचा रकाना रिकामाच राहिला. त्यामुळे ओट्याचे काँक्रीट फेब्रुवारीत ओढून घ्यावे लागणार आहे आणि त्यासाठी साच्यांचा आणखी एक संच लागेल. मालकांशी त्याचे बोलणे सुरू आहे.

चिऱ्याच्या खाणीवर परवा गेलो होतो. परवाना आहे. खड्डा कोण बुजवणार हे विचारल्यावर खाणवाला हसला आणि म्हणाला, हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. उत्तर त्याच्याकडे नव्हते. पुढच्या खरेदी आदेशात अट घातली आहे, पण ती पाळली गेली हे खाण बंद झाल्यावर तपासणार कोण आणि तोवर त्याची किती रक्कम अडकवून ठेवावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मोजमाप वही यांनी यावर काही सुचवले तर बरे होईल.